बाहुलीला बसवणारी सॅक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची आहेत. लहान मुलीच्या पाठीवरच्या सॅकला तिच्या बाहुलीसाठी जागा कशी शिवावी, ती बाहुली तिथे टिकावी कशी आणि हे सगळे घरच्या मशीनवर जमेल का, असे प्रश्न त्यांत आहेत. म्हणून या अंकातला हा स्तंभ संपूर्णपणे त्याच विषयाला दिला आहे. मापे इंचात आणि सुतात आहेत. आठ सूत म्हणजे एक इंच, हे शिवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्याकडे साधारण १४ इंच उंचीची कापडी बाहुली आहे आणि ती सॅकच्या बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी बसली पाहिजे असा मुलीचा हट्ट आहे. मी सॅकवर बाहुलीच्या रुंदीचा खिसा लावून पाहिला, पण बाहुली वर सरकते, पुढे वाकते आणि थोड्या वेळात खाली पडते. काय चुकते आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खिसा बाहुलीच्या रुंदीचा कापला, तिथेच गडबड झाली. सपाट खिशात वही राहते. बाहुलीला पोट असते, पाठ असते, आणि त्या गोलाईवर कापड ताणले गेले की ते बाहुलीला आत धरून ठेवण्याऐवजी वर ढकलते. तेव्हा रुंदी मोजण्याऐवजी वेढा मोजावा. बाहुलीला टेबलावर उताणी झोपवा आणि तिच्या कमरेवरून टेप अशी टाका की तिचे एक टोक एका बाजूला टेबलाला टेकेल आणि दुसरे टोक दुसऱ्या बाजूला. साडेचार इंच रुंदीच्या बाहुलीचे हे माप सहज ८ इंच भरते. त्यात चार सूत सैलपणा धरला की धारकाच्या, म्हणजे बाहुलीला धरून ठेवणाऱ्या कापडी तुकड्याच्या, वरच्या कडेची तयार लांबी साडेआठ इंच येते, आणि ती सॅकवर मात्र साडेपाच इंचांच्या अंतरात शिवायची असते. हा जो तीन इंचांचा फरक आहे, त्यातच बाहुलीचे पोट मावते.

दुसरे माप खालून वर घ्यायचे आहे. बाहुलीची पाठ भिंतीला टेकवून तिला बसवल्यासारखी धरा. टेपचे टोक भिंतीला लावून ती दोन्ही पायांच्या मधून पुढे आणा आणि पोटावरून काखेपर्यंत न्या. तुम्ही सांगितलेल्या उंचीच्या बाहुलीला हे माप साडेसहा इंचांच्या आसपास भरेल. आता कागदावर लंगोटासारखा आकार काढा. वर साडेआठ इंच रुंद, खाली निमुळता होत जाऊन २ इंच रुंदीची जीभ, आणि मध्यातून उंची साडेसहा इंच. दोन्ही बाजूंच्या कडा वरून अडीच इंचांपर्यंत सरळ ठेवाव्यात आणि तिथून पुढे गोलाई देत आत घ्याव्यात, म्हणजे त्या गोलाईतून बाहुलीचे पाय बाहेर लोंबतील. बाहुलीला उभी ठेवण्यापेक्षा अशी बसती ठेवणे मला केव्हाही पसंत आहे, कारण तिचे वजन जिभेवर येते आणि ती वर सरकण्याचे कारणच उरत नाही. सरळ कडांना आणि जिभेच्या टोकाला चार सूत शिवणीसाठी व वरच्या कडेला नेफ्यासाठी एक इंच जादा धरून कापावे. पायांच्या गोलाईला जादा काही ठेवू नये. तिथे गोट, म्हणजे कडेवरून दुमडून शिवलेली अरुंद पट्टी, लागणार आहे. हा गोट तिरप्या पट्टीचाच हवा, सरळ पट्टीचा गोट गोलाईवर चुण्या धरतो.

वरच्या नेफ्यात चार सूत रुंदीचे इलॅस्टिक ७ इंच लांबीचे घालून दोन्ही टोके पक्की करावीत. बाहुलीच्या काखेखाली ते हलकेच आवळते आणि मूल धावले तरी बाहुली पुढे झुकत नाही. काही जणी गळ्यापाशी पट्टा लावतात, तो लावू नये. तेवढ्या एका जागी सगळा भार आल्याने कापडी बाहुलीची मान काही आठवड्यांतच उसवते.

आता सॅकचे अंग. पाच वर्षांच्या मुलीला ११ इंच उंच, ९ इंच रुंद आणि ३ इंच खोल सॅक पुरते; याहून मोठी केली तर ती कमरेखाली लोंबते. पुढचा आणि मागचा तुकडा प्रत्येकी १२ बाय १० इंच कापा. चारही कोपऱ्यांना शिवणरेषेवर दोन इंच त्रिज्येची गोलाई द्या; स्वयंपाकघरातली चार इंच व्यासाची वाटी त्याला नेमकी बसते. अशा गोल कोपऱ्यांच्या तुकड्याचा शिवणरेषेवरचा घेर साडेछत्तीस इंच भरतो. हा घेर दोरा ठेवून स्वतः मोजून पाहा, आणि दोरा शिवणरेषेवर ठेवा, कापलेल्या कडेवर ठेवू नका. कडेवर मोजल्यास बाजूची पट्टी तीन इंचांहून अधिक जादा निघते आणि ती बसवताना कोपऱ्यांत चुण्या येतात. साडेछत्तीसपैकी १८ इंच चेनची पट्टी आणि साडेअठरा इंच तळाची पट्टी असे वाटून घ्यावे. तळाची पट्टी साडेएकोणीस बाय ४ इंच कापावी. चेनच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या प्रत्येकी १९ बाय सव्वादोन इंच कापल्या, त्यांची आतली कड चार सूत दुमडून चेनवर टीप मारली आणि मध्ये चेन चार सूत दिसू दिली की तयार रुंदी तळाच्या पट्टीइतकीच, म्हणजे तीन इंच येते. चेन पाच नंबरची घ्यावी. तीन नंबरची चेन पोशाखाला ठीक, पण दप्तराची ओढाताण तिला सोसत नाही.

शिवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. धारक पुढच्या तुकड्यावर तो सपाट असतानाच लावून घ्यायचा, सॅक उभी राहिल्यावर तिथे मशीनचा पाय पोहोचत नाही. जिभेचे टोक तळाच्या शिवणरेषेपासून तीन इंच वर, मधोमध लावा. म्हणजे पाय लोंबायला जागा राहते आणि बाहुलीचे डोके सॅकच्या वरच्या कडेपर्यंतच येते. त्याहून वर गेले तर ते मुलीच्या मानेवर आपटत राहील. आधी जीभ उलटी ठेवून शिवा, मग ती वर वळवून टिपेवर पुन्हा एक टीप मारा आणि त्यानंतर बाजूच्या सरळ कडा आत दुमडून बसवा. ज्या ठिकाणी या शिवणी येतात, त्यामागे आतून कापडाचा दुहेरी ठिगळ अवश्य ठेवा, नाहीतर बाहुलीच्या ओढीने पुढचा भाग झोळीसारखा लोंबू लागतो. पट्टे मागच्या तुकड्यावर लावून झाले, चेनची पट्टी आणि तळाची पट्टी जोडून वेढा तयार झाला, की तो आधी पुढच्या तुकड्याला आणि मग मागच्या तुकड्याला जोडावा. सरळ पट्टी गोल कोपऱ्यावर वळायला हवी, म्हणून त्या जागी पट्टीच्या कडेला शिवणरेषेच्या अलीकडेपर्यंत दोन-दोन सुतांवर काप द्यावेत. शेवटची शिवण मारण्याआधी चेन अर्धी उघडून ठेवायची आठवण ठेवा. बंद चेनची सॅक सुलटी करता येत नाही आणि मग उसवण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

प्रश्न : नातीसाठी अशी सॅक शिवायची आहे. घरी जुने पायमशीन आहे. कोणते कापड घ्यावे? माझ्याकडे खणाचे काही तुकडे आणि मऊ झालेली सुती लुगडी आहेत, ती वापरता येतील का? (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, पायमशीनची चिंता करू नका, जाड कापडाला तेच अधिक मानवते, त्याचे चाक हाताने फिरवून एकेक टाका घालता येतो. कापड मध्यम जाडीचे सुती कॅनव्हास किंवा जुनी जीन्स असावे. ५८ इंच पन्ह्याचे (रुंदीचे) अर्धा मीटर कॅनव्हास अंगाला पुरते, पण कोरे कॅनव्हास पाण्यात आटते, म्हणून साठ-पासष्ट सेंटिमीटर घ्यावे आणि रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. ३६ इंच पन्हा असेल तर एक मीटर लागेल.

खण मोहक दिसतो यात शंका नाही, आणि बाहुलीच्या धारकाला तो शोभतोही. पण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या हातमागावर विणलेला हा कापडाचा प्रकार चोळीसाठी आहे. त्याच्या कडा झटकन उसवतात आणि त्याच्यावर ओझे टाकणे योग्य नाही. त्याला मागून चिकट बकरम इस्त्रीने बसवून घ्या, खाली मांजरपाटाचा थर द्या आणि मगच धारकासाठी कापा. रंग जातो का, हे एक कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून आधीच पाहावे. सॅकचे अंग आणि पट्टे खणाचे करू नयेत.

लुगड्यांचा खरा उपयोग पाठीच्या भागात आहे. बाजारात मिळणारा फोम घालण्याऐवजी मऊ लुगड्याचे चार-पाच थर एकावर एक ठेवून गोधडीसारखा धावदोरा घाला, ओळींमध्ये चार-चार सुतांचे अंतर ठेवा. फोमच्या सॅकमुळे उन्हाळ्यात मुलांची पाठ घामाने चिंब होते. सुती थरांची पाठ घाम शोषते आणि धुतल्यावर आकारही सोडत नाही. वाळायला मात्र ती वेळ घेते, म्हणून पावसाळ्यात धुण्याचा उत्साह आवरावा.

सुई सोळा नंबरची लावा. पट्टे, कॅनव्हास आणि अस्तर असे सगळे एकत्र येते तिथे अठरा नंबरची. दोरा पॉलिएस्टरचा हवा, साधा सुती दोरा पट्ट्याच्या सांध्यावर तुटतो. टाका मोठा, म्हणजे इंचाला आठाच्या आसपास ठेवा. जाड कापडावर बारीक टाके घातले की सुईची भोके इतकी जवळजवळ पडतात की कापड त्या रेषेवर फाटायला सोपे होते. जाड सांध्यावर मशीन अडले तर मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायाच्या मागच्या बाजूस तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा, म्हणजे पाय सपाट होतो आणि टाके सुटत नाहीत.

प्रश्न : मी शिवलेल्या सॅकचे पट्टे मुलाच्या खांद्यावरून सतत घसरतात. बाहुली, म्हणजे त्याचा कापडी माणूस, बसवल्यावर तर सॅक मागे ओढली जाते. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पट्टे घसरतात ते बहुधा वरच्या बाजूला एकमेकांपासून फार लांब लावल्यामुळे. लहान मुलाचे खांदे अरुंद आणि उतरते असतात. पट्ट्यांच्या आतल्या कडांमध्ये वर दीड ते दोन इंचांहून अधिक अंतर ठेवू नये. खाली मात्र ते सॅकच्या दोन्ही कोपऱ्यांपाशीच लावायचे, म्हणजे पट्टे खांद्यावर आतल्या बाजूला राहून काखेखालून बाहेर वळतात. पट्ट्याचा वरचा भाग दीड इंच रुंद, १२ इंच लांब आणि आतून मऊ असावा. त्याखाली एक इंच रुंदीची नायलॉनची विणलेली पट्टी आणि तिच्यात सरकते बकल. नायलॉनच्या पट्टीचे कापलेले टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर क्षणभर धरून वितळवून घ्यावे, नाहीतर ते झाडूसारखे सुटत जाते. पट्टा सॅकला जोडताना नुसती आडवी टीप पुरत नाही. एक इंचाचा चौकोन शिवून त्यात फुली मारावी.

सॅक मागे ओढली जाण्याचे कारण वजनाची जागा हे आहे. बाहुली सर्वांत बाहेर, पाठीपासून सर्वांत दूर असते, त्यामुळे तिचे थोडे वजनही जास्त जाणवते. डबा आणि पाण्याची बाटली पाठीला लागून राहतील असा एक आडवा कप्पा आतून मागच्या तुकड्यावर शिवा, आणि सॅकची खोली तीन इंचांहून वाढवू नका. बाहुलीत वाळू किंवा धान्य भरले असेल तर ते काढून कापूस किंवा कृत्रिम तंतू भरलेले बरे.

प्रश्न : मुलीची बाहुली प्लॅस्टिकची, बारीक कमरेची, साडेअकरा इंचांची आहे. ती दिसावी म्हणून सॅकला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी लावावी का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : माझे मत विचाराल तर लावू नये. पारदर्शक प्लॅस्टिक गोव्याच्या दमट हवेत आतून धुरकट होते, उन्हात कडक होऊन शिवणीपाशी तडकते, आणि शिवताना चूक झाली तर सुईचे भोक कायमचे राहते. शिवाय आत कोंडल्यावर बाहुलीला श्वास कसा घेता येईल, हा प्रश्न मुलगी विचारणारच, आणि त्याला आपल्याकडे उत्तर नसते. त्याऐवजी मच्छरदाणीसारखे मजबूत जाळीचे कापड घ्या. तरीही प्लॅस्टिकच हवे असेल तर टाचण्या न लावता कपड्यांचे चिमटे लावा, टाका आणखी मोठा करा आणि मशीनचा पाय चिकटू नये म्हणून वर पातळ कागद ठेवून शिवा. कागद नंतर फाडून काढता येतो.

अशा बाहुलीला वर सांगितलेला लंगोटाचा आकार उपयोगी नाही, कारण तिचे पाय कडक असतात आणि बसवली तर ते समोरच्याला टोचतात. तिच्यासाठी उभा, अरुंद खिसा करावा. वेढा त्याच पद्धतीने, पण खांद्यांवरून आणि कपड्यांसह मोजायचा, जादा कापडाच्या तळाशी दोन चुण्या घालायच्या आणि खोली ७ इंच ठेवायची. कमरेच्या उंचीवर आतून एक बारीक इलॅस्टिक लावले की ती सरळ उभी राहते. छातीवरून पट्टी लावणार असाल तर वेल्क्रोची काटेरी बाजू बाहुलीकडे येऊ देऊ नका, तिचे केस आणि झगा त्यात अडकतात. टिचबटण अधिक सुटसुटीत. केसांसाठी आणखी एक काळजी म्हणजे चेन बाजूच्या पट्टीच्या मधोमध न ठेवता मुलीच्या पाठीकडे सरकवावी.

प्रश्न : भाची दोन वर्षांची आहे. तिलाही अशी सॅक भेट द्यायची आहे. मापे लहान केली की झाले ना? (एक मावशी, इंदूर)

उत्तर : नुसती मापे लहान करून भागणार नाही. तीन वर्षांखालील मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, म्हणून बटणे, मणी, टिकल्या, बाहुलीचे चिकटवलेले डोळे यांपैकी काहीही नको. डोळे-नाक भरतकामानेच काढावे. खेळण्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत लहान भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. कोणत्याही बाजूने न दाबता जी वस्तू त्यात पूर्ण मावते ती या वयाला धोक्याची मानली जाते. चेनच्या रनरला लोंबती दोरी बांधू नये, पट्ट्यांची लांब टोके मोकळी सोडू नयेत. छातीवरचा आडवा पट्टा लावायचाच असेल तर तो वेल्क्रोचा असावा, म्हणजे कुठे अडकला तर ओढीसरशी सुटेल. आणि हे भाचीच्या आईला आवर्जून सांगा की घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर जाताना सॅक उतरवलीच पाहिजे. पट्टा अडकण्याचा धोका मोठ्या मुलांनाही असतो.

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. ती हीच सॅक शाळेत नेऊ शकेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तरविषयक धोरणानुसार पहिली ते दहावीच्या मुलांच्या दप्तराचे वजन त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, आणि पूर्वप्राथमिक वर्गांना तर दप्तरच नसावे. २० किलो वजनाच्या मुलीला म्हणजे सगळे मिळून २ किलो. त्यात सॅक, डबा, भरलेली बाटली, वह्या आणि बाहुली बसवून पाहा. घरच्या वजनकाट्यावर आधी मुलगी एकटी आणि मग सॅकसह उभी केली की फरक लगेच कळतो. एवढे करूनही वरील सॅकमध्ये मोठ्या आकाराची वही मावणार नाही, तेव्हा ती सहलीला, मामाच्या गावाला जायला आणि शेजारी खेळायला न्यावी, हेच उत्तम.

प्रश्न : आमच्या बचत गटाने अशा सॅक बाहुलीसह विकायचे ठरवले आहे. काही नियम आहेत का? (एक बचत गट, कोल्हापूर)

उत्तर : बाहुली विकायची म्हटली की ती खेळणे ठरते. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र सरकारचा आदेश २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा आयएसआय शिक्का असणे बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी केलेल्या कारागिरांनी केलेल्या वस्तूंना यातून सूट दिलेली आहे, तेव्हा गटातील शिवणाऱ्या भगिनींनी त्या नोंदणीची चौकशी आधी करावी. ते होईपर्यंत रिकामी सॅक विकून, गिऱ्हाइकाच्या मुलीच्या बाहुलीचे माप घेऊन धारक शिवून देणे हा मार्ग मला अधिक चांगला वाटतो. त्यासाठी दुकानात दोन मापे लिहून घेण्याची वही ठेवावी, कमरेवरून टेबलापासून टेबलापर्यंतचे एक आणि भिंतीपासून काखेपर्यंतचे दुसरे. आणि बाहुली नेहमीच्या कपड्यांसह आणायला सांगावे, कारण घेरदार परकर नेसवला की पहिल्या मापात सहज इंचभराचा फरक पडतो.